माझ्या हाडांची फॅट

२४ जून, मंगळवार
शाळेत हाडं तपासायचा कॅम्प हुता. पाळी गेलेल्या बायांनीच यायचं, असं आशाताई स्पीकरवरून वरडली. कुणाकुणाची गेली ते साऱ्या गावाला कळलं. माझी जाऊन सात वर्सं झाली. तवा पेढे वाटायचं तेवढं ऱ्हायलं हुतं.
टाच मशीनमदी घालायची, आकडा निघतो. माझा तीन. धाकट्या जावेचा, भागीचा, एक. नर्स म्हनली, मावशी, हा आकडा शून्याच्या खालचा हाय, जितका खाली तितकी हाडं पोकळ. खाली असू नायतर वर, तीन ते तीनच. इतकी वर्सं डेअरीला दूध घालते, मला आकडे शिकवती. एक फॅटचं दूध डेअरीवाला गटारात वततो.
आनखी म्हनली, पाळी गेली की बाईच्या अंगातलं कायतरी आटतं, तसलंच थोडं सोयाबीनमदी असतं. खा, थोडी मदत हुईल. पन नुसत्या त्याच्यावर बसू नका, नगरला मोठ्या मशीनवर दाखवा, गोळ्या घ्या, दूध प्या... पुढचं ऐकलं न्हाई. धारंची वेळ झाली हुती.

२५ जून
ज्ञानूचा चाकणवरून फोन. आशाताईनं सुनंला सांगितलं, सुनंनं त्याला. म्हनला, आई, मागल्या साली गोठ्यात पडलीस. म्हैस वाल्मिककाकाला देऊन टाक. वाल्मिक म्हंजे भागीचा नवरा. म्हंजे माझी चंद्री भागीच्या दावनीला! एक आकड्याच्या बाईच्या!
चंद्रीला मी रेडकू असल्यापास्नं वाढवली. मालक उभ्या जन्मात जेवढं बोलले न्हाईत तेवढी ती माझ्याशी एका दिवसात बोलती.
ज्ञानूला म्हनले, पंचिमीला देवळाम्होरं भागीसंगं फुगडी घालीन. आधी मी बसले तर म्हैस तिची. ती बसली तर पुन्यांदा म्हशीचं नाव काढायचं न्हाई. हसला, पन हो म्हनला.
उद्यापास्नं सोयाबीन. पंचिमीपातूर हाडं लोखंडाची.

२७ जून
घरात मागल्या सालचं सोयाबीन हाय. आमी पिकवतो लई, खाल्लं कवाच न्हाई. ते इकायचं असतं. रातभर भिजवलं, कुकरला लावलं. शिट्या मोजायच्या सोडून दिल्या. चव ओल्या गोनपाटाची. मालकांनी एक घास खाल्ला अन इचारलं, चंद्रीचं घमेलं चुकून माझ्याम्होरं आलं काय?
सवय न्हाई त्यान्ला.

३० जून
दळून भाकरीत घातलं. निम्म्याला निम्मं. घालायचं तर नीट घालावं. भाकरी तव्यावरच मोडली. राती पोट असं फुगलं की मालक वाकळ घेऊन पडवीत गेले. हाडात शिरताना वारा भाईर पडनारच.

४ जुलै
भागीनं सोयाबीनच्या वड्यांची रस्साभाजी पाठवली. ती पिठात मूठभरच घालती म्हनं, ते बी भाजून. रस्सा चांगला हुता. तिला सांगितलं न्हाई.
सांजच्याला आली. म्हनली, अक्का, सोमवारी मी नगरला मोठ्या मशीनवर जाते. लेक नगरजवळ भिंगारलाच असती, ती नेती. चला की तुमी बी.
मी म्हनले, तू जा बाई. एकवाल्यांनीच जायचं असतं.

८ जुलै
डोस्क्यात लई भारी आलं. सोयाबीन चंद्रीला घालायचं अन चंद्रीचं दूध आपुन प्यायचं. नर्सनं दूध बी सांगितलंच हुतं. एका घमेल्यात दोन्ही कामं. कॅम्पमदी दिलेल्या कॅल्शियमच्या गोळ्या बी त्याच्यातच टाकल्या. एवढं शिकलेल्या नर्सला कसं सुचलं न्हाई?

१२ जुलै
चंद्रीची फॅट सात लागली. असलं दूध घरात कोन ठेवील? समदं डेअरीला घातलं. उद्यापास्नं एक पेला माझा.

१३ जुलै
सात पॉइंट चार. पेला उद्यापास्नं.

१९ जुलै
सात पॉइंट आठ. डेअरीवाला म्हनला, बनुबाई, म्हशीला काय घालता? म्हनले, माझं जेवान. त्याला वाटलं चेष्टा.
कंबर लई ठनकती. म्हंजे हाड भरतंय. रिकामं हाड कशाला दुखंल?

२८ जुलै
गवताचा भारा उचलताना पाठीत कळ आली. भारा जड हुता. भागी म्हनली, अक्का, फुगडी ऱ्हाऊ द्या. मला म्हैस नको, तुमचीच हाय ती. नगरच्या डॉक्टरनं गोळ्या चालू केल्यात तिला. म्हनून तिचा धीर सुटला. तोंडावर म्हनले, भ्यालीस ना?

२९ जुलै, मंगळवार, पंचिमी. दुपार
नवं लुगडं नेसले. चंद्रीला सांगून निघते. सांजच्याला सविस्तर लिहीन.

२ ऑगस्ट
डाव्या हातानं लिवते. उजवा प्लॅस्टरमदी.
भागी हळू फिरत हुती. मीच वरडले, जोरात! पाय सटकला, मनगटावर बसले. तिनं हात सोडला न्हवता, हे बी लिवून ठेवते.
नगरचा डॉक्टर आकडा ऐकून म्हनला, एवढा खाली असताना फुगडी घालत हुतात? त्याला म्हनले, तीन हाय. तो म्हनला, तेच तर.

३ ऑगस्ट
वाल्मिकनं चंद्रीला नेलं. भागीनं न्हाई म्हनून बघितलं, पन एका हातानं धार कोन काढनार? मला वाटलं, चंद्री लाथ मारील, पान्हा सोडनार न्हाई, रातीच दावं तोडून येईल. त्यांचा गोठा भिंतीपल्याडच, भिंतीला कान लावून बसले. चरवीत धार वाजली. लई येळ वाजत ऱ्हायली.

४ ऑगस्ट
भागी दुधाचा पेला घेऊन आली. म्हनली, घ्या अक्का, तुमचंच सोयाबीन हाय. फॅट इचारली. आठ.
प्याले. यंदा पहिल्यांदाच. गोड हाय.
म्हनली, पुढच्या सोमवारी नगरला जाऊ, तुमाला बी गोळ्या चालू करू. म्हनले, बघू, पन धारंच्या आत माघारी यायला पायजे.
तिनं रिकामा पेला उचलला. मग माझ्याच ध्यानात आलं.