काचेखालचा गालिचा

४ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

दादा लिहितो, तुमच्या उजव्या हातात अजून जीव नाही, पण वहिनीवर डाफरता. म्हणजे सुधारताय.

इथं मात्र बरं नाही. तुम्ही अर्धवट सोडून गेलेला दुर्बिणीचा आरसा आज तपासला. दिव्यापुढच्या बारीक भोकाचं प्रतिबिंब गोल ठिपक्यासारखं यायला हवं; ते जिऱ्यासारखं लांबट येतंय. बघायचं भिंग आत सरकवलं की आडवं, बाहेर ओढलं की उभं. म्हणजे पॉलिश करताना काच कुठंतरी वाकतेय. परातीएवढी रुंद आणि जेमतेम बोटभर जाड. पुन्हा घासायला जाडीच उरलेली नाही. महिनाअखेर शाळेचे लोक न्यायला येणार. तुमचा शेवटचा आरसा माझ्या हातून वाया गेला तर?

काच अडवणारे कडेचे ठोकळे कागदाएवढी फट ठेवूनच लावलेत. खाली तुमचाच गालिच्याचा तुकडा. चुकतंय कुठं?

रागवा, पण लोभ आटू देऊ नका.
तुमची खार

८ नोव्हेंबर

चि. खारीस,
अ. आ.

डाव्या हाताने लिहितोय, अक्षराला हसू नकोस. पॉलिश थांबव. एकच सांग, पॉलिशच्या किती फेऱ्यांनी काच गालिच्यावर वळवतेस?

बाबा

१२ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

वळवायची? जाताना तुम्ही शंभरदा बजावलंत, काचेला कमीत कमी हात लाव. अकरा दिवस मी ती वळवली नाही; तपासायला उचलली तरी खुणेला खूण जुळवून पुन्हा तशीच ठेवली.

ठिपका ज्या रेषेत ताणला जातो, ती रेष काचेच्या कडेवर आखली आणि तिच्याखाली गालिच्यावर तळवा फिरवला. काही नाही. गालिचा उलटा केला, डोळे मिटले, तेव्हा बोटाला लागलं. रुपयाएवढं रफू. रंगाला रंग, विणीला वीण. असा हात आपल्या घरात एकीचाच. आईला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि काचेला ती सापडली.

हे कधीचं? कात्री समोर आहे. उसवू का? उलट टपाली कळवा, मला धीर धरवत नाही.

खार

१६ नोव्हेंबर

चि. खारीस,
अ. आ.

कात्री आधी खाली ठेव.

तू चौथीत होतीस. पॉलिशच्या राळेचं तापलेलं भांडं माझ्या हातून तिच्या माहेरच्या गालिच्यावर कलंडलं, भोक पडलं. मी त्यावर खुर्ची सरकवली आणि गप्प बसलो. पुढे गालिचा विरला, तेव्हा तिनेच हा तुकडा कापून मला काचेखाली घालायला दिला. बोलली काहीच नाही. मला वाटलं, तिला कळलंच नाही.

इतकी वर्षं त्यावर आरसे केले. आठ फेऱ्या झाल्या की काच पाव वळसा फिरवायची, ही हाताची सवय. म्हणून तुला सांगायचंच राहिलं. चूक माझी.

उसवू नकोस, भोकावर काच आणखी वाकेल. पॉलिश पुन्हा सुरू कर, फक्त काच वळवत राहा. काचेच्या एकाच जागी ते टोचत राहायला नको, एवढंच.

येताना तो तुकडा आण. उजव्या हाताला काही कळत नाही, डाव्याला कळेल.

बाबा

२९ नोव्हेंबर

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

ठिपका गोल आला. आत सरकवून गोल, बाहेर ओढून गोल. तीनदा पाहिलं, मग फरशीवर बसून रडले.

उद्या आरसा शाळेत जाईल, परवा मी तिकडे. गालिचा आणतेय. रफूची जागा सांगणार नाही. तुमची तुम्ही शोधा.

लोभाचं काय ते भेटीत.
खार