मार्केट्टाची ओळ

ओउलु

प्रिय रेइयो,

आपला कम्पायलर एखादी चूक वर्षानुवर्षं चालवून घेत असेल, तर दोष ती लिहिणाऱ्याचा की आपला? तळ्याकाठच्या घरात, उन्हाळ्यातल्या आपल्या मेळाव्यात, तू हे विचारलं होतंस. सगळे हसले होते, मीही. आता तोच प्रश्न माझ्यापुढे आला आहे आणि मला त्याचं उत्तर देता येत नाही.

इकडे सगळं ठीक. आई अजून इस्पितळाच्या धुलाईखान्यात जाते आणि तिथल्या बायकांना सांगते, की आमच्या घरातली पहिली पदवीधर संध्याकाळी फुकट राबते. मी तिला समजावते, सोल्मु ही संगणकाची भाषा कुणा एकाच्या मालकीची नाही, म्हणूनच ती सगळ्यांची आहे. त्यावर ती म्हणते, 'आपल्या जिन्यातला दिवाही सगळ्यांचाच आहे. म्हणून तर तो कधीचा बंद आहे.' माझं मत तरीही बदललेलं नाही. विद्यार्थिनी असताना मी पाठवलेल्या पहिल्या बदलावर तू इतके शेरे मारले होतेस की मूळ कोड दिसेना. पण शेवटी लिहिलं होतंस, 'आता पुन्हा पाठव, मी वाट पाहतो.' मला न ओळखणारा माणूस माझी वाट पाहतो, हे मला नवीन होतं.

तुझी मार्केट्टा वारल्यापासून तू कुणाच्याच निरोपाला उत्तर देत नाहीस. म्हणून हे कागदावर लिहिते आहे.

सोल्मुचा पहिला नियम तुझाच: एखादी गोष्ट दुसऱ्याला देऊन टाकली, की तिला पुन्हा हात लावायचा नाही. कुणी हात लावला, तर कम्पायलर प्रोग्रॅम तयारच करून देत नाही. फक्त एका जागी, जिथे तेच काम फिरून फिरून होतं तिथे, तू डोळेझाक केलीस. कारण तू कधी लपवलं नाहीस. सोल्मु वापरणारी पहिली बाई मार्केट्टा, आणि विणकामाचे नमुने काढणारा तिचा प्रोग्रॅम नेमका तिथेच अडत होता. ती स्वयंपाकघरातून म्हणाली होती, 'तुझं यंत्र माझ्यावर खेकसलं, तर आजपासून बटाटे तू उकड.' घरात शांतता हवी तर थोडं सैल सोडावं लागतं, असं तू आम्हाला सांगितलंस आणि आम्हाला ते पटलं.

गेल्या हिवाळ्यात त्याच सैल जागेतून एका हरितगृहाच्या प्रोग्रॅमनं देऊन टाकलेला तापमानाचा आकडा पुन्हा वाचला. तो शिळा होता. हीटर लागला नाही आणि टोमॅटोची रोपं गारठून गेली. त्या माणसानं शिव्या दिल्या नाहीत, फक्त विचारलं, 'हे तुमचा कम्पायलर पकडतो असं तुम्हीच लिहिलंय ना?' ते मला लागलं. ती जागा बंद करणारा बदल मी लिहिला.

मग आपली नेहमीची पद्धत. लोकांनी खुले ठेवलेले सगळे प्रोग्रॅम नव्या कम्पायलरमधून चालवून पाहिले. जे अडले, त्यांची दुरुस्ती आम्हीच लिहून मालकांना पाठवली, आणि बहुतेकांनी ती घेतली. मार्केट्टाचा प्रोग्रॅम अडला. तिच्या खात्याची किल्ली तुझ्याकडे, आणि तू गप्प. आपल्यातला डेल्फ्टचा जोस्त म्हणाला, 'मालक बोलत नाही ना? मग सोड. आपण भाषा चालवतो, संग्रहालय नाही.' पद्धतीप्रमाणे त्याचं बरोबरच होतं. पण हाउकिपुदासच्या सभागृहात विणणाऱ्या बायका आजही त्याच प्रोग्रॅमवर नमुने काढतात. तिथला संगणक आपोआप नवी आवृत्ती घेतो, ती सोयही तूच करून दिलीस. नवी आवृत्ती पोचताच त्यांचे माग रिकामे राहिले असते. बदल मागे घेतला असता, तर दुसऱ्या कुणाची रोपं गेली असती.

तुझी वाट पाहिली. मग मार्केट्टाच्या प्रोग्रॅमची एक प्रत माझ्या नावावर घेतली, एक ओळ बदलली आणि ती प्रत तिथल्या संगणकावर बसवायला बसनं हाउकिपुदासला गेले. सिर्का नावाच्या म्हाताऱ्या विणकरणीनं खुर्ची माझ्या शेजारी ओढली. 'पोरी, नमुना बिघडवलास तर परतीची बस विसर,' म्हणाली. नवा कागद बाहेर आला, तेव्हा तिनं तो जुन्यावर ठेवून खिडकीशी धरला. चौकटीवर चौकट बसली. मग कुठे तिनं मला कॉफी दिली.

हे तुला बदलांच्या यादीत अचानक दिसू नये, माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. दोष तिचा होता की आपला, हे मी ठरवू शकले नाही. काल तो बदल मी मुख्य कोडमध्ये घेतला. तिची जुनी ओळ मात्र टाकून दिली नाही, ती चाचण्यांत ठेवली आहे. यापुढे कुणीही कम्पायलरला हात लावला, की ती ओळ त्याच्यापुढे येईल आणि कम्पायलरनं ती अडवली तरच काम पुढे सरकेल. अडवताना तो खेकसणार नाही. त्याचे शब्द मी लिहिले आहेत: 'हे तू देऊन टाकलं आहेस. अजून हवं असेल, तर देण्याआधी एक प्रत स्वतःकडे ठेव.' चाचणीला नाव मार्केट्टाचं दिलं आहे.

तुझीच,
साइमी