काचवाल्याच्या दाराला पुठ्ठा

९ मार्च, सोमवार

दाराची काच गेली. कुणा गिऱ्हाइकाच्या नाही, आपल्याच घराच्या दाराची. मी स्वतः बसवलेली. आणि आमची पोरगी, ठमी, म्हणते, मी नाही फोडली.

सकाळचं भांडण मोबाइलवरून. परीक्षा तोंडावर आलीय आणि ठमी पांघरुणात मोबाइल घेऊन पडलेली. मी काढून घेतला. तिने वाटेल ते बोलायला सुरुवात केली. मीही बोललो, खोटं कशाला लिहू. 'या घरात राहायचं नसेल तर चालती हो' म्हणालो. 'तुम्हीच जा ना!' म्हणाली. मग मीच गेलो. दार ओढलं आणि तडक दुकान गाठलं.

संध्याकाळी येतो तर काचेचा अर्धा भाग गायब, उरलेला चौकटीत अडकून उभा. ठमीच्या दोन बोटांना पट्टी. आणखी काय पुरावा पाहिजे? विचारलं, तर म्हणते, 'तुम्ही दार आपटलंत ना, तेव्हाच तडा गेला. मग वरचा तुकडा खाली आला. मी फक्त काचा गोळा केल्या, आई घरात अनवाणी फिरते म्हणून.'

म्हणजे काचही मीच फोडली! वीस वर्षं काचाच बसवतोय मी. मी बसवलेली काच दार आपटल्याने फुटत नाही. हे तिला सांगितलं, जरा मोठ्यानेच सांगितलं. मग ती ओरडली, मग मी, मग शेजारचे मास्तर बाहेर येऊन जिन्यात उभे राहिले.

शाळेतल्या समुपदेशक बाईंनी बजावलंय — राग आला की आधी लिहा, मग बोला. माझं उलटंच चाललंय. ओरडून झालं की लिहायला बसतो.

१० मार्च, मंगळवार

ही म्हणते, पोरीने तुमचाच स्वभाव उचललाय. चांगले गुण पडले की पोरगी आईच्या वळणावर, आणि आदळआपट केली की माझ्या. सोळा वर्षं हाच हिशेब.

पण एक गोष्ट पटली. राग आला की घरातली वस्तू फोडायची सवय ठमीला आजची नाही. आधी टीव्हीचा रिमोट भिंतीवर मारला, मग कपाटाच्या आरशाला डबा फेकून मारला. आरसा मी त्याच संध्याकाळी नवा लावला. ही म्हणाली, 'तुम्ही दिवस मावळायच्या आत सगळं जागच्या जागी करून टाकता. तिला कळणार कधी, काय फुटलं ते?'

म्हणून या वेळी काच नाही. दुकानातल्या खोक्याचा पुठ्ठा कापला आणि दारावर ठोकून टाकला. तुकड्यांची बादली बाल्कनीत. येता-जाता दिसू दे तिला.

१२ मार्च

मास्तर म्हणाले, 'काचवाल्याच्या दाराला पुठ्ठा?' हसलो. दुसरं काय करणार.

१६ मार्च, सोमवार

बाईंकडे जाऊन आलो, तिघंही. ठमी खुर्ची फिरवून खिडकीकडे तोंड करून बसली. बाई मला म्हणाल्या, 'तिचं ऐकून तरी घेता का?' मी म्हटलं, ऐकतो की, अख्खा मजला ऐकतो. बाई हसल्या नाहीत. हीसुद्धा हसली नाही.

येताना रिक्षा केली. मी मध्ये बसलो होतो. दोघी दोन बाजूंना बाहेर बघत. मुलं बिघडली की आईबापांचं चुकलं म्हणायचं, हे आता सगळ्यांनाच पाठ झालंय. चुकलं असेल. पण काय चुकलं ते कुणी नेमकं सांगेल तर शपथ.

१९ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. 'परीक्षा संपली की पाठव माझ्याकडे. पुढचं शिक्षण इथेच करू दे. मी सरळ करते तिला.' ताई करेलही. मला लहानपणी तिनेच सरळ केलंय.

रात्रीच्या जेवणाला ठमीसमोर स्पष्ट ठेवलं — 'काच मी फोडली, चुकलं, एवढं म्हण. विषय संपला, आत्याकडे जायचंही रद्द. नाहीतर बॅग भर.'

तिने ताट बाजूला सारलं. 'रिमोट मी फोडला. आरसा मी फोडला. तेव्हा म्हटलं होतं ना मी, की मी फोडला? मग जी फोडली नाही तीसुद्धा फोडली म्हणू?'

हे मात्र खरं आहे. त्या दोन्ही वेळी लगेच कबूल केलं होतं. मग याच वेळी का अडून बसलीय? मला नमवायचंय तिला, दुसरं काय.

२२ मार्च, रविवार

हिने सकाळपासून तिची मनधरणी केली. स्वयंपाकघरातून ऐकू येत होतं. 'म्हणून टाक गं, तुझं काय जातं?' ठमीचा आवाज, 'माझंच जातं.' मग नळाचा आवाज.

तिला पाठवायचं नाहीये मला. हे इथेच लिहून ठेवतो, बोलून दाखवायची सोय राहिली नाही. अट घालून बसलोय.

नऊ-दहा वर्षांची असताना सुट्टीत दुकानात यायची. मोठी काच एकट्याने उचलत नाहीत, दोन टोकांना दोघं लागतात आणि पावलं जुळावी लागतात. काच मी नि कामगार धरायचो आणि ठमी पुढे उलटी चालत हुकूम सोडायची, 'डावा! उजवा! सावकाश, बाबा, सावकाश!' तिच्या तालावर आम्ही दोघं घोडे मुकाट्याने चालायचो. एकही काच फुटली नाही तेव्हा.

आता तिच्या खोलीच्या दारापर्यंत जातो आणि परत येतो. 

२८ मार्च, शनिवार

परीक्षा संपली. घरी आल्या आल्या तिने आपणहून बॅग काढली. मी म्हणालो, 'एक शब्द मागतोय फक्त.' ही पहिल्यांदाच माझ्यावर उखडली, 'मग तुम्ही म्हणा ना एक शब्द! राहू दे म्हणा!'

नाही म्हणालो. आज माघार घेतली तर उद्या ती मला भीक घालणार नाही, असं वाटलं. ती तशीही घालत नाहीच म्हणा.

३० मार्च, सोमवार

गेली.

बसमध्ये तिला खिडकी मिळाली. ही खाली उभी राहून डब्यात काय काय आहे ते सांगत होती, तेच तेच, दोनदा. मी गाडी हलेपर्यंत वाट पाहिली की ठमी आत्ता म्हणेल, मग म्हणेल. ती म्हणाली, 'बाबा, आता काच बसवून टाका. बघायला मी नाहीये.' 'उतर खाली' म्हणायचं होतं. तोंडापर्यंत आलेलं. कंडक्टरने घंटी मारली आणि मी नुसता हात हलवला.

घरी येऊन हिने पुठ्ठ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन निजली. दवाखान्यातल्या तिच्या ड्यूटीलाही आज गेली नाही.

२ एप्रिल

ताई म्हणते, 'शहाण्यासारखी वागतेय. काही बोलत नाही.' हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं.

५ एप्रिल, रविवार

आज काच बसवायला घेतली. पुठ्ठा काढला, चौकटीची पट्टी सोडवली. बिजागरीकडच्या कोपऱ्यात, पट्टीच्या आड, एक खिळा थेट काचेला टेकलेला. तिथे बोटभर रबर घालायचं असतं, नाहीतर दाराचा दणका सरळ काचेत जातो. घातलंच नाही. घरचं काम म्हणून घाईत उरकलं असणार मी. तडा त्या खिळ्यापासूनच निघालाय. काचेवर कुणी काही मारलं तर मारल्या जागी खूण राहते. बादलीतले सगळे तुकडे फरशीवर जुळवून पाहिले. खूण कुठेच नाही.

ताईकडे फोन लावला. ठमी आली. 'बसवली काच?' म्हणाली. 'नाही' म्हणालो. पुढे तोंडातून शब्दच फुटेना, आणि ती फोन ठेवतही नव्हती.