न बघण्याची रीत

आबा, मी दारूच्या गुत्त्यांवर लिहितो. हे शब्द तुमच्या सुनेचे. मी त्याला गाइड म्हणतो. जळगाव ते धुळे, मधलं एरंडोल-पारोळं धरून, जेवढे परमिट रूम आणि बिअर बार आहेत त्यांची माहिती मी मोबाइलवर देतो: कुठे बसावं, काय खावं, कुलरची हवा कुठल्या टेबलापर्यंत येते. पुण्याकडे असं लिहिणारे लोक बिअरच्या चवीवर आणि फेसावर पानंच्या पानं भरतात. आपल्याकडे मे महिन्यात प्रश्न एकच, थंड आहे का? बाटली थंड आणि शेवभाजी झणझणीत असली की खान्देशी माणूस बाकी सगळं माफ करतो. तुम्ही गेल्यावर मी हे सुरू केलं, त्यामुळे तुमच्यासमोर उभं राहून ते सांगायची वेळ आली नाही. तेवढा मी नशीबवान.

मजा अशी की वाचणारे मला बिअरबद्दल फारसं विचारतच नाहीत. विचारतात, मागून दार आहे का? गाडी रस्त्यावरून दिसते का? जळगावचा माणूस ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पारोळ्यापर्यंत जातो, धुळ्याचा त्याच कारणासाठी पारोळ्यापर्यंत येतो, आणि मग दोघे व्याही एकाच हॉलमध्ये एकमेकांकडे पाठ करून बसतात. मी बघितलंय. दुसऱ्या दिवशी लग्नात भेटले की दोघं मोठ्यानं रामराम घालतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मला वाटत होतं मी बिअरची गाइड काढली, लोकांनी तिची लपायच्या जागांची गाइड करून टाकली.

ही रीत मला तुम्हीच शिकवलीत. मी लहान होतो, तुमचा हात धरून धरणगावच्या बाजारातून चाललो होतो, आणि आमचे हेडमास्तर एका बारच्या पायऱ्या उतरताना दिसले. मी आनंदानं "सर" म्हणून ओरडलो. तुम्ही माझा हात असा दाबलात की डोळ्यांत पाणी आलं. "तठे देखानं नही," तिकडे बघायचं नाही, एवढंच म्हणालात. रागावून नाही, रस्ता कसा ओलांडायचा ते सांगावं तसं.

मग मी जळगावला कॉलेजात गेलो. एका शनिवारी दुपारी मित्रांबरोबर स्टँडजवळच्या परमिट रूममध्ये शिरतो, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर तुम्ही. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करून थेट आलेले, सदऱ्याला कापसाचे तंतू चिकटलेले, समोर बाटली आणि बशीत खारे शेंगदाणे. तुमची नजर माझ्यावर येते, थांबते, आणि तुम्ही पेपरचं पान उलटता. मी मित्रांना म्हणतो, इथं फार गर्दी आहे. हॉल अर्धा रिकामा होता. दुसऱ्या दिवशी मी घरी आलो, आईनं वाढलं, तुम्ही विचारलंत, "परीक्षा कवय शे?" परीक्षा कधी, एवढंच. त्यानंतर तुम्ही होतात तितकी वर्षं आपण परीक्षा, पाऊस, कापसाचा भाव यांवर बोललो. वाईट बोललो नाही कधी. पण माझा बाप शनिवारी एकटा का बसतो, हे मला विचारता आलं नाही. त्याचं मला अजून दुःख आहे.

तुमची नात आता पुण्यात नोकरी करते. परवा सुट्टीवर आली तेव्हा म्हणाली, "पप्पा, गावाला सांगता कुठे बसायचं. मला एकदाही नेलं नाही." मी हसण्यावारी न्यायला बघितलं. तर म्हणाली, "मैत्रिणींबरोबर बिअर घेतानाचा फोटो मी स्टेटसला ठेवला होता. तुम्ही बघितला. कुणी बघितलं ते दिसतं मला. तुम्ही काहीच बोलला नाहीत. रागवाल म्हणून मी वाट बघत होते."

फोटो मी बघितला होता, आबा. बघितला आणि बोटानं पुढे सरकवला. आपल्या वेळी न बघितल्यासारखं करता यायचं, आता मेला फोन चहाडी करतो. पण तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. ही पण आता माझ्याशी नोकरी आणि पाऊस यांवरच बोलायला लागेल.

तुमची सून म्हणाली, "जायचं तर जा, पण गावाजवळ नको." मी मुद्दाम जवळचंच निवडलं. संध्याकाळी गेलो. वेटर म्हणाला, "साहेब, फॅमिली रूममध्ये बसा, पडदा लावून देतो." ती म्हणाली, "पडदा कशाला?" आणि बाहेरच्या हॉलमध्ये खुर्ची ओढून बसली. वेटरनं न विचारताच बिअर माझ्यापुढे आणि लिंबू सरबत तिच्यापुढे ठेवलं. तिनं शांतपणे दोन्ही ग्लास बदलले. तेवढ्यात तुमच्या जिनिंगमधले नाना आत आले. आता पार थकलेत. आम्हाला बघितलं आणि रीतीप्रमाणे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले. माझी मानही सवयीनं दुसरीकडे वळली. तरी हाक मारली. "नाना, इकडे या. ही माझी मुलगी."

नाना काठी टेकत आले. तिच्याकडे बघितलं, ग्लासाकडे बघितलं. "आबानी नात का?" ती उठून पाया पडली. "बठ, बठ," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "दोन मिनिट मी बी बठस." चांगले तासभर बसले. तुमच्या गोष्टी सांगितल्या. तुम्ही शिट्टी छान वाजवायचात, हे मला त्या टेबलावर कळलं. पोरगी खदखदून हसत होती. मी आपला ऐकत होतो.

हे मोबाइलवर कुठे टाकायचं नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितोय. त्या शनिवारी तुम्ही मला हाक मारली नाहीत, याचा राग मी इतकी वर्षं धरून होतो. परवा घरी येताना गाडीत पोरगी शेजारी झोपली होती, तेव्हा मनाशी कबूल केलं. तुम्ही हाक मारली असती, तर मी ऐकलं नाही असं करून निघून गेलो असतो.