अक्रोड पाडायचा खरा मोसम

१२ ऑक्टोबर. सकाळी ७.
निर्णय पक्का. परसातला अक्रोड यंदा पाडायचा, फळ्या काढायच्या आणि मुलीच्या नव्या घरासाठी जेवणाचं टेबल स्वतः करायचं. बायको म्हणाली, मग आजच पाडा, हवा चांगली आहे. हिला लाकडातलं काय कळतं! पानं झडून रस उतरल्याशिवाय झाडाला हात लावायचा नसतो. नाहीतर लाकूड तडकतं, वर कीड. थांबायचं.

९ नोव्हेंबर.
सॉ मिलवाल्याला फोन. तो म्हणाला, भर थंडीत पाडा आणि आठवड्याच्या आत ओंडके माझ्याकडे टाका. अगदी माझंच मत. करवतीला तेल दिलं. दमलो.

३ डिसेंबर.
शेवटचं पान पडलं. कमरेत उसण.

२० डिसेंबर.
मोसम ऐन भरात. उसण गेली, सर्दी आली. मुलीचा फोन. टेबल कुठवर आलं, विचारत होती. म्हटलं, रस उतरतोय. ती म्हणाली, अजून? या पिढीला धीर नाही.

११ जानेवारी. दुपारी.
करवत घेऊन झाडाखाली गेलो. झाड शेजाऱ्यांच्या शेडकडे कललेलं दिसलं. अभ्यास करावा लागणार. शेजारी निवृत्त बसड्रायव्हर. म्हणाले, माझ्या ओळखीचा माणूस आहे, अर्ध्या दिवसाचं काम. नको म्हटलं. आपल्या हातचं ते आपल्या हातचं. त्यांनी मान डोलावली. जरा जास्तच.

२ फेब्रुवारी.
अभ्यास पूर्ण. दोरी आणली. उद्या.

३ फेब्रुवारी.
उद्या नक्की.

२६ फेब्रुवारी. सकाळी साडेसहा.
उठलो, बूट चढवले, सरळ झाडापाशी. पहिला काप चार बोटं खोल गेला. आतून ओलं. बोट जिभेला लावलं. गोडसर. रस चढला!
सॉ मिलवाला म्हणाला, साहेब, आता पुढच्या थंडीत. तीन महिने करत काय होतात? नेमका तेव्हाच फोन कट झाला. माझाच अंगठा लागला असेल.
बायको बाहेर आली. कापलेल्या जागेवर हात ठेवून उभी राहिली. ओरडली असती तर परवडलं असतं.

९ एप्रिल.
मुलीकडे जेवायला. दुकानातलं टेबल आलंय, लोखंडी पायांचं. जावई म्हणाले, तात्पुरतं आहे, बाबा. मुलगी म्हणाली, तात्पुरतं नाही.
मी मोसमाचं, रसाचं सगळं सविस्तर सांगितलं. ती वाढता वाढता थांबली. म्हणाली, टेबलाचं काय एवढं, बाबा? मला वाटलं होतं, दोरी धरायला तरी आम्हाला बोलवाल. अख्खा हिवाळा फोनची वाट बघितली.
मीठ मागितलं.