शून्य अपघातांचा महिना

४ ऑक्टोबर १९४३, सोमवार
नवी वही. संकल्प: पहाटे उठून अधारताल तलावापर्यंत फिरणे. पान खाणे बंद. युद्धामुळे कागदाची टंचाई, म्हणून थोडक्यात लिहिणे.
माझे काम किती महत्त्वाचे आहे ते इथे लिहून ठेवतो, घरात कुणाला पत्ता नाही. जबलपुरात युद्धाच्या मालाचे कितीतरी कारखाने. मजूर जखमी झाला की कायद्याने नुकसानभरपाई. पण जखमी होतात किती, याचे खरे आकडे सरकारकडे नाहीत. म्हणून आमचा विभाग. मी हेडक्लार्क, हाताखाली शरच्चंद्र आणि एक चपराशी. साहेब नागपूरला. विभाग सध्या टेंपररी. आकडे चांगले दिसले तर कायम होईल, आणि मीही.

६ ऑक्टोबर
फिरणे उद्यापासून.
आज माझे नवे नियम लागू. मुकादम चिठ्ठ्या पाठवतात त्यांचा भरवसा नाही; या महिन्यात आल्या त्याही बाद. यापुढे जखमी इसमाने तीन दिवसांच्या आत स्वतः खिडकीवर हजर व्हायचे, सोबत मुकादम. वेळ अकरा ते एक. अर्ज चार प्रतींत. डॉक्टरने अशी जखम पाहिली तर त्यानेही लगेच कळवायचे. शरच्चंद्र म्हणाला, की मजुराचा दिवसाचा रोज बुडेल आणि मुकादम तर येणारच नाही. मी म्हटले, खरोखर लागले असेल तो येईल.
नियम स्वतः लिहून खिडकीवर डकवले. अक्षर झकास आले आहे.

११ ऑक्टोबर
गेल्या महिन्यात खिडकीवर चिठ्ठ्या आणणाऱ्यांची रांग असायची. आज एकच जण. हाताला फडके बांधलेले, बरोबर मुकादम नाही. नियम दाखवला. रहने दो बाबूजी, म्हणाला आणि गेला. म्हणजे फारसे लागले नसणार.
पान एकच खाल्ले.

१६ ऑक्टोबर
या महिन्यात अजून एकही नोंद नाही! मजूर सांभाळून काम करू लागले, दुसरे काय? हा नियमांचा परिणाम.
साहेबांचे पत्र. विभागावर जनतेचा पैसा किती खर्च होतो आणि दर अपघातामागे तो किती पडतो, ते कळवा.
जेवताना श्रीरंगला सगळे सांगितले. श्रीरंग म्हणजे माझा धाकटा भाऊ. वडील गेले तेव्हा चालताही येत नव्हते त्याला. मीच खांद्यावर घेऊन वाढवला. शहराबाहेर गढ्याकडे एका कारखान्यात दारूगोळ्याच्या लाकडी पेट्या ठोकतो. म्हटले, बघ हं, आपल्या घरातून आकडा जायला नको. हसला. म्हणाला, दादा, तुझे शून्य मी नाही मोडणार.

१९ ऑक्टोबर
श्रीरंग लंगडत आला. चप्पल चावली म्हणतो. हेमलताबाईंनी, म्हणजे आमच्या कुटुंबाने, टाचेवर हळद दाबली.

२१ ऑक्टोबर
बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून श्रीरंगला नवे जोडे आणले. दिवाळीची भेट. घालून बघायला तयार नाही. कृतघ्न!
हिने मला स्वयंपाकघरात बोलावले. म्हणे, भावजी किती लंगडून राहिले, तुम्हाला दिसत काहून नाही? चप्पल नाही, पेटीचा गंजका खिळा गेला पायात. डॉक्टरला दाखवा.
मी शांतपणे समजावले. डॉक्टरला दाखवले की त्याची चिठ्ठी माझ्याच खिडकीवर येणार. शिवाय पेट्या ठोकणाऱ्याला खिळे लागायचेच, त्याला कुणी अपघात म्हणत नाही. महिना संपला की दाखवू. श्रीरंग बाहेरून म्हणाला, वहिनी, जाऊ दे, दादा बरोबर बोलतो आहे.
पाहा. त्याला समजते.

२५ ऑक्टोबर
साहेबांना उत्तर लिहायला बसलो. तिघांचे पगार, कागद, टपाल, दिव्याचे तेल, सगळी बेरीज जमली. दर अपघातामागे खर्च काढताना अडलो. अपघात शून्य. भागाकार होईना. शरच्चंद्राने तोंडावर रुमाल धरला. सर्दी असावी.
शेवटी लिहिले: खर्च आहे, पण अपघात नाहीत, यातच खर्चाचे सार्थक आहे. वाक्य मलाच फार आवडले.
श्रीरंगची जखम बुजली. मी सांगितलेच होते.

२८ ऑक्टोबर
दिवाळी. फिरायला जाणार होतो, पण दिवाळी.
श्रीरंगने फराळाला हात लावला नाही. जबडा आवळला आहे, तोंड उघडत नाही म्हणतो. थंडी बाधली. मिठाच्या गुळण्या सांगितल्या. शेजारी फटाका वाजला तर सगळे अंग ताठ करून पडला. इतका भित्रा कधीपासून झाला?
ही टांगा आणायला गेली. सणाच्या दिवशी बायकांनी एकटे जाणे मला पसंत नाही.

२९ ऑक्टोबर, इस्पितळ
धनुर्वात.
डॉक्टरने विचारले, खिळा कधी लागला, तेव्हाच का नाही आणले? हिने सांगितले. सगळे सांगितले.
अंधाऱ्या खोलीत ठेवला आहे. आवाज करायचा नाही, उजेड करायचा नाही. माझे जोडे वाजतात म्हणून बाहेर काढून ठेवले.
तो बरा झाला तर नियम फाडून टाकीन. हा संकल्प खरा.

३१ ऑक्टोबर
श्रीरंग गेला.

३ नोव्हेंबर
सुतकात ऑफिसला गेलो. आत नाही. बाहेरून, खिडकीवर. अकरा वाजता. चार प्रतींत अर्ज लिहून नेला होता: श्रीरंग, वय बावीस, पायात खिळा, मृत्यू.
आत शरच्चंद्र होता. मी म्हटले, घ्या. त्याने काचेवरच्या कागदाकडे बोट केले आणि हळू आवाजात म्हणाला, की तीन दिवस उलटून गेले, आणि जखमी इसम स्वतः हजर पाहिजे. म्हणताना त्याच्या डोळ्यांत पाणी होते. ऑक्टोबरचा तक्ता साहेबांना आधीच गेला होता. इस्पितळाच्या कागदावरही नुसता आजार लिहिला आहे. हिने सांगितलेले कुणी लिहून घेतले नाही.
मी खिडकीवर वाद घालू लागलो. मागे एकच माणूस उभा होता, हाताला फडके बांधलेला. तोच. त्यानेच मला धरून पायरीवर बसवले.

१२ नोव्हेंबर
साहेबांचा हुकूम. शहरात अपघात उरलेले नाहीत, तेव्हा ते मोजण्यावर जनतेचा पैसा खर्च करणे योग्य नाही. विभाग बंद. माझ्या कामाबद्दल आभार मानले आहेत, नावानिशी.
श्रीरंगचे जोडे कोऱ्या कागदात तसेच आहेत. ही त्यांना हात लावू देत नाही, आणि माझ्याशी बोलत नाही. तिचे बरोबर आहे. चप्पल चावली म्हणाला तेव्हा मी खरे मानले, कारण मला तेच मानायचे होते. मी माझ्या भावाला महिना संपेपर्यंत थांबायला सांगितले, आणि तो थांबला.
ऑक्टोबरात जबलपुरात कुणाला काही लागले नाही, असे आता सरकारदरबारी पक्के झाले आहे. माझा श्रीरंग त्यात कुठेच नाही.