सुमतीताईच्या पेटीतली पुस्तकं

इंदोरा, नागपूर
दि. २४ जुलै १९७३

ती. सुमतीताईस,
चंद्रभानचा सप्रेम जयभीम.

आई बरी आहे, गुडघा तेवढा दुखतो. बाबांची मिलमधली पाळी या आठवड्यात दुपारची आहे. तुझं आणि आनंदराव भाऊजींचं कसं चाललंय ते कळव. मागच्या पत्रात तू नुसतं भंडाऱ्याच्या पावसाचं लिहिलं होतंस.

माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष सुरू झालं, पण रसायनशास्त्राचं पुस्तक अजून हातात नाही. नवं घ्यायचं तर बाबांचा अर्धा पगार जाईल. सीताबर्डीचा जुन्या पुस्तकांचा दुकानदार पुढच्या आठवड्यात ये, पुढच्या आठवड्यात ये, करत राहिला. परवा म्हणतो, "पुस्तक कायले पाहिजे गा? गाइड घेऊन जा, पास होशील." लायब्ररीतल्या दोन्ही प्रती प्राध्यापकांच्या घरी. मागायला गेलो तर ग्रंथपाल माझ्याकडे असे बघतात, जणू मीच त्या पळवल्या.

वर्गातला कृष्णकांत म्हणाला, आमच्याकडे येऊन वाच. सायकलने प्रताप नगरला जायला लागलो. व्हरांड्यात बसून दोन धडे झाले. मग त्याच्या आईने आडनाव विचारलं. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुस्तक मामाकडे गेलेलं होतं. कृष्णकांत हे मान खाली घालून सांगत होता, त्याला काय बोलणार? घरी येऊन आईवरच चिडलो.

बाबा म्हणाले, "काहून वणवण करून राहिला? सुमतीच्या पेटीत बीएस्सीची सारी पुस्तकं पडून आहेत. लिही तिले."

मी बघतो म्हटलं. त्याला बरेच दिवस झाले.

ताई, कसं लिहू? तुझ्या लग्नाच्या दिवशी आईने पेटीतली पुस्तकं काढून पातळं ठेवली होती. तू पातळं काढून पुस्तकं परत भरलीस. "शेवटचंच वर्ष राहिलं वं आई, मी येऊन परीक्षा देईन," म्हणालीस. आता दोन वर्षं झाली. तू त्याबद्दल लिहीत नाहीस, मी विचारत नाही. दिवाळीला भाऊजी म्हणाले, "आता काय करायचं आहे तिले शिकून?" तू ताटं उचलत होतीस. हात थांबला नाही तुझा. म्हणून मला जास्त भीती वाटली.

पुस्तकं मागणं म्हणजे तू येत नाहीस, हे मीच ठरवून टाकणं. ते माझ्याने होत नाही, आणि पुस्तकाशिवाय अभ्यासही होत नाही.

काल कॉलेजच्या ऑफिसात जाऊन तुझ्यासाठी विचारलं. हेडक्लार्क म्हणाले, "यंदा आल्या तर शेवटच्या वर्षात घेऊ. पुढच्या साली अभ्यासक्रम बदलून राहिला, मग सारं पहिल्यापासून." प्रवेश महिनाअखेर बंद होतो.

येणार असशील तर पुस्तकं घेऊनच ये. एकाच पुस्तकावर दोघं भांडू, पण वाचू. भाऊजींशी बोलायला बाबा तयार आहेत, मी त्यांना तयार केलं. येणार नसशील तर तसं स्वतःच्या हाताने लिही, मग पुस्तकं पाठव. नुसतं भाऊजींनी बांधून दिलेलं पार्सल आलं तर मी ते उघडणार नाही. नापास झालो तरी चालेल.

तू सोडलेल्या वर्गात बसणारा,
तुझा धाकटा
चंद्रभान